वृद्ध अश्वांची ऋतुचर्या आणि अखेरची तजवीज

(अश्वपालकांच्या मेळाव्यातील भाषण)



शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्या फौजांबरोबर मराठी माणूस ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथे आला, तो घोड्याच्या पाठीवरून आला. पागा, चंदी, खरारा, तोबरा, मोतद्दार हे शब्द त्याने बरोबर आणले आणि दारातील घोडे गेल्यानंतरही ते शब्द घरोघर राहिले. त्या काळी स्वारांचे दोन प्रकार असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. बारगिराचा घोडा थकला तर ती चिंता पागेची. शिलेदाराचा घोडा थकला तर ती त्याची एकट्याची. आज या शहरांतून वरातीला घोडी पुरविणारा अथवा उरल्यासुरल्या टांग्यावर पोट भरणारा माणूस या अर्थाने शिलेदारच आहे. त्याच्या पाठीशी पागा नाही. घोडा कामाचा असेतो तो घराला पोसतो. तो म्हातारा झाला म्हणजे घराने त्याला पोसावयाचे असते.

हे पोसणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख बेचाळीस हजारांवर आली. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने शोभेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा गाडीवानांच्या पोटापाण्याबरोबरच त्यांच्या घोड्यांचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. तेथे जो प्रश्न एकदम आणि गाजावाजा होऊन पुढे आला, तोच आपल्याकडे एकेका दारात, एकेका जनावरापुरता आणि मुकाट्याने येतो. मग एखाद्या रात्री दावे सोडले जाते आणि सकाळी हमरस्त्याच्या कडेला हाडांचा सापळा झालेली पांढरी घोडी उभी दिसते. दावे सोडणारा माणूस बहुधा निर्दय नसतो. त्याने वेळेवर विचार केलेला नसतो, इतकेच.

तो विचार कोणत्या वेळी करावा आणि कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. वार्धक्य हा रोग नव्हे. चांगल्या देखभालीत घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगू शकतो आणि पंधरा ते वीस वर्षांच्या दरम्यान त्याचे म्हातारपण सुरू झाले असे सामान्यतः मानतात. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातील ‘विराट’ हा घोडा २००३ मध्ये सेवेत दाखल झाला आणि २६ जानेवारी २०२२ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर निवृत्त झाला. त्याच महिन्यात त्याला लष्करप्रमुखांचे प्रशस्तिपत्रही मिळाले होते. अर्थात विराटच्या मागे सरकारी पागा होती. पण उत्तम निगराणीत एखादे जनावर किती वर्षे डौलाने उभे राहू शकते, याचे ते उदाहरण होय.

विकत घेतलेल्या घोड्याचे वय पुष्कळदा मालकालाच नेमके ठाऊक नसते. जाणते लोक दात पाहतात. वरच्या जबड्यातील समोरच्या दातांपैकी अगदी कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीलगत एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी संपूर्ण दात व्यापते आणि पुढे वरून नाहीशी होऊ लागते. हा अंदाज वर्ष-दोन वर्षांनी चुकू शकतो, तरी मेळ्यात ऐकलेल्या वयापेक्षा तो अधिक विश्वासाचा असतो.

म्हाताऱ्या घोड्याची दैना बहुतेक वेळा तोंडातून सुरू होते. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून वर सरकत असतात आणि चावण्याने झिजत असतात. उतारवयात हा साठा संपत येतो. दाढा उंचसखल होतात, त्यांच्या कडा गालाला बोचतात, मध्ये फटी पडून तेथे चारा कुजतो. असा घोडा गवत तोंडात घेतो, घोळवितो आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकतो. गव्हाणीपाशी असे ओले गोळे दिसू लागले, तर घोडा ‘नखरे करतो’ असे म्हणून चालणार नाही. पशुवैद्यकाकडून वर्षातून एकदा, आणि विशीनंतर शक्य तर दोनदा, दाढा तपासून कानशीने सारख्या करून घ्याव्यात.

आता ऋतूंकडे वळू. येथे एक विसंगती ध्यानात येते, ती अशी की मालकाचे वर्ष आणि घोड्याचे वर्ष एकमेकांच्या उलट चालते. वरातीच्या घोडीची कमाई लग्नसराईत होते. आषाढी एकादशीला मुहूर्त थांबतात ते कार्तिकी एकादशीपर्यंत. हे चार महिने घरात पैसा येत नाही, म्हणून चंदी कमी होते, नालबंदाला बोलावणे लांबणीवर पडते, औषध टळते. नेमके हेच चार महिने वृद्ध घोड्याला सर्वांत जड जातात. वैशाखाच्या उन्हात राबून आलेले जनावर पावसाळ्यात अर्धपोटी उभे राहते, आणि दिवाळीनंतर पुन्हा पाठीवर जरीची झूल चढते. तरुण घोडी हे चक्र सोसते. अठरा-वीस वर्षांची घोडी दरवर्षी थोडीथोडी खचत जाते, आणि हे खचणे नित्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

यावर उपाय हिशेबाचा आहे. लग्नसराईत दर वरातीमागे ठरावीक रक्कम चातुर्मासाच्या चंदीसाठी वेगळी काढून ठेवावी. ती घरखर्चाच्या डब्यात पडू नये.

पावसाळ्याचे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण अधिक हानी याच काळात होते. माळव्याची काळी जमीन पाणी धरून ठेवते. चिखलात आणि लिदीत दिवसरात्र उभे राहिल्याने खुराच्या तळव्यातील मऊ भाग सडतो, काळा पडतो, त्याला दुर्गंधी येते. ठाणाची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करून मुरूम घालावा आणि रोज संध्याकाळी खूर उचलून कोरून स्वच्छ करावेत. म्हातारा घोडा तीन पायांवर फार वेळ उभा राहू शकत नाही. त्याचा पाय फार उंच न उचलता, भिंतीचा आधार देऊन, एकेक खूर थांबत थांबत साफ करावा. वैरणीला बुरशीचा वास येत असेल तर ती गुरांनाही देऊ नये, घोड्याला तर नाहीच. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर घात करतो, आणि त्यावर औषध नाही.

याच दिवसांत आणि पावसाळा सरता सरता घोडमाशा वाढतात. त्यांच्या चाव्यातून ‘सर्रा’ हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो. मधूनमधून ताप येतो व उतरतो, पोटाखाली व पायांवर सूज येते, डोळ्यांच्या आतील कड फिकट पडते, मागचा भाग लटपटू लागतो आणि खाऊनपिऊन घोडा वाळत जातो. ही सारी लक्षणे पाहून मालक म्हणतो, “आता वय झाले.” वस्तुतः रक्ताची तपासणी केली तर रोग सापडतो आणि वेळीच सापडला तर त्यावर इंजेक्शन आहे. आतड्यातील जंतांचेही तसेच. म्हातारपणाच्या नावाखाली बरे होणारे दुखणे अंगावर काढले जाते, हा घोड्यावरचा पहिला अन्याय होय. म्हणून अखेरीचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी रक्त, लीद आणि दात या तिन्हींची तपासणी झालीच पाहिजे. देशात फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक चालू आहे; तो घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

हिवाळ्याची काळजी ग्वाल्हेरकरांनी विशेष घ्यावी. तेथील धुक्याच्या आणि बोचऱ्या वाऱ्याच्या रात्री बडोद्याच्या घोड्याला अनुभवास येत नाहीत. थंडीत मालक प्रेमाने धान्य वाढवितो. ऊब मात्र धान्याने फारशी येत नाही. गवत-कडब्यातील तंतू आतड्यात आंबताना जी उष्णता निर्माण होते, तिने घोडा आतून तापलेला राहतो. तेव्हा रात्रीसाठी मऊ वैरण वाढवावी. पाणी फार गार असेल तर म्हातारा घोडा ते टाळतो, लीद कोरडी होते आणि पोटशूळ उठतो. कोमट पाण्याची एक बादली पहाटे आणि एक रात्री दिली तर ही आपत्ती पुष्कळदा टळते. झूल घालावी, परंतु ती रोज काढून अंगावर हात फिरवावा. झुलीखाली बरगड्या वर आलेल्या असतात आणि फाल्गुनात झूल काढल्यावरच त्या दिसतात, असा प्रकार नेहमीचा आहे.

उन्हाळ्याविषयी कायदाच बोलतो. १९६५ च्या नियमांनुसार, तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा ठिकाणी दुपारी बारा ते तीन या वेळात ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांकडून काम घेता येत नाही. तसेच दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यासही मनाई आहे. ही मर्यादा धडधाकट जनावराची. वृद्धासाठी ती याहून आखूडच मानली पाहिजे. घामाघूम घोड्यावर गार पाणी ओतू नये, असा एक जुना समज आहे. तो आता टिकलेला नाही. उन्हाने तापून धापा टाकणाऱ्या घोड्याला सावलीत घेऊन अंगभर सतत पाणी ओतीत राहणे, हाच तातडीचा उपाय होय. काही वृद्ध घोड्यांची हिवाळी लव चैत्र उलटला तरी गळत नाही, उलट लांब व कुरळी होते. हे मेंदूतील एका ग्रंथीच्या बिघाडाचे चिन्ह असते. अशा घोड्याची लव कातरून घ्यावी आणि त्याच्या खुरांवर लक्ष ठेवावे, कारण त्याला खुरांच्या आतील नाजूक पडद्यांची सूज लवकर येते. पुढचे दोन पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहणारा घोडा आळशी नसतो. त्याला उभे राहणेच दुःसह झालेले असते.

खाण्याचे प्रमाण ठरविण्यासाठी काटा नसला तरी चालते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला त्यानेच गुणावे, मग खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. अंदाजे वजन किलोत मिळते. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर घोडा सुमारे तीनशे किलोंचा झाला. त्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहा किलोंच्या आसपास, कोरडा आहार लागतो, आणि त्यात मोठा वाटा वैरणीचा असावा. दात गेलेल्या घोड्याला वैरण बारीक कापून, भिजवून द्यावी. हरभरे रात्रभर भिजवावेत. लसूणघास कोवळा असावा. नुसता भिजवलेला कोंडा रोज घालण्याची रीत सर्वत्र आहे, ती सोडणे बरे. कोंड्यात स्फुरद फार आणि चुना कमी. हाडे अगोदरच थकलेल्या जनावराला तो नित्य पुरविण्यात हित नाही. गुरांसाठीच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे द्रव्य असते. ते गाईम्हशींना सोसते, परंतु घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. म्हातारा घोडा एखाद्या पांजरपोळात किंवा नातेवाइकाच्या गोठ्यात ठेवावयाचा असेल, तर ही गोष्ट तेथे आधी सांगितली पाहिजे.

या साऱ्या देखभालीला एक ठरलेला दिवस हवा, आणि तो आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालतात, झेंडूची माळ घालतात, पूजा करतात. पाऊस सरलेला असतो, थंडी यावयाची असते, आणि मुहूर्त सुरू व्हावयास अजून अवधी असतो. त्या दिवशी माळ घालण्यापूर्वी टेपने घेर मोजावा, दात पाहावेत, घोडा वीस पावले चालवून व वळवून पाहावा आणि तारखेसह वहीत लिहावे. आठवड्याभरात पशुवैद्यकास दाखवावे आणि त्याला स्पष्ट विचारावे की हे जनावर यंदा कामाला लावण्याजोगे आहे काय, आणि कामाला नसेल तर पुढचा उन्हाळा व पावसाळा ते सुखाने काढील काय. मागील दसऱ्याचा आकडा शेजारी असला म्हणजे स्वतःची फसवणूक करणे कठीण जाते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर काम त्याच वर्षी थांबवावे. वयामुळे अथवा दुखण्यामुळे अपात्र झालेल्या जनावराकडून काम करून घेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये अपराध आहे. भुकेने वा तहानेने तळमळेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हाही अपराध आहे. तिसरी वाट विक्रीची. सारंगखेड्याच्या यात्रेत उमद्या घोड्यांना उत्तम किंमत येते. म्हाताऱ्या घोड्याचा सौदा मात्र उतरत्या हाताने होतो. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून वीटभट्टीकडे. विक्रीचे पैसे घेणाऱ्याने हा प्रवास डोळ्यांसमोर आणावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थी आले, तर जो निर्णय घ्यावा लागतो त्याविषयी बोलण्यास कोणी तयार नसते. जनावराला इंजेक्शन देऊन संपविणे हे पाप, असे अनेकांना मनापासून वाटते, आणि त्या भावनेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनांनी तळमळत होते, तेव्हा गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून डॉक्टरकरवी त्याला इंजेक्शन देवविले. त्यावर मोठे वादळ उठले. ‘नवजीवन’मधून त्यांनी या कृतीचे समर्थन केले आणि ती अहिंसेच्या विरुद्ध नाही, असे मांडले. अहिंसेचा विचार ज्यांनी जन्मभर केला त्यांनाही हा प्रश्न टाळता आला नाही.

वेळ आली हे ओळखावयाचे कसे? घोडा रात्री आडवा होतो आणि सकाळी आपला आपण उठतो काय? दाणा पाहून मान वर करतो काय? पाण्यापर्यंत चालत जातो काय? वहीच्या मागील पानावर दिवसाचा एक शब्द लिहावा, ‘बरा’ किंवा ‘वाईट’. महिन्याभरात वाईट दिवस बऱ्या दिवसांहून अधिक झाले, आणि पशुवैद्यकाने उपचार संपल्याचे सांगितले, तर आणखी एक ऋतू थांबण्यात घोड्याचा लाभ नसतो. मोडलेला पाय, न उठणारा पोटशूळ, उठूच न शकणारे जनावर या प्रसंगांत मात्र महिन्याची वाट पाहता येत नाही; तेथे तासांचाच प्रश्न असतो. आणि ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग सिद्ध झाल्यास निर्णय मालकाच्या हाती राहत नाही. तो माणसालाही होतो, म्हणून कायद्याने असे जनावर नष्ट करावेच लागते. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविले पाहिजे.

ही तजवीज शांतपणी करून ठेवावयाची असते. घरात कोणाचा शब्द अखेरचा, हे आधी ठरवावे. मालक वरातीला बाहेरगावी असताना घोडा कोसळला, तर मागे राहिलेल्या बायकामुलांनी कोणाला बोलवावे आणि कोणती परवानगी द्यावी, हे लिहून ठेवावे. विमा असेल तर कंपनीला अगोदर कळवावे, नाहीतर दावा अडतो. तीनशे-साडेतीनशे किलोंचे शरीर माणसांच्या हातांनी हलत नाही. खड्डा खणणाऱ्या यंत्राचा मालक कोण, त्याचे भाडे किती, आणि यंत्र ठाणापर्यंत येते की गल्लीत अडते, ही चौकशी आधीच झालेली असावी. जागा पावसाळ्यापूर्वी ठरवावी. श्रावणात काळ्या मातीत खणलेला खड्डा पाहता पाहता पाण्याने भरतो. विहीर, नाला आणि वस्ती यांपासून दूर, उंचवट्यावर, सहा-सात फूट खोल खड्डा असावा. शहरात नगरपालिकेची जी व्यवस्था असेल ती विचारून घ्यावी.

मृत शरीर उघड्यावर टाकण्याची प्रथा आता पूर्णपणे सोडली पाहिजे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन देशातील गिधाडे नाहीशी होत गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक यांवरही आली. अखेरच्या इंजेक्शनातील द्रव्यही असेच, शरीर खाणाऱ्या कुत्र्यांना व पक्ष्यांना मारक असते. वेदनाशामक द्यावयाचे झाल्यास मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना सुरक्षित औषध चालेल काय, हे पशुवैद्यकास अवश्य विचारावे.

प्रत्यक्ष दिवशी जागा मऊ मातीची आणि यंत्राला पोहोचता येईल अशी असावी. पशुवैद्यक प्रथम गुंगीचे औषध देतात आणि नंतर अखेरचे इंजेक्शन देतात. घोडा एकदम कोसळतो, म्हणून लगाम धरणाराने त्यांच्या सांगण्याप्रमाणे बाजूला उभे राहावे; लहान मुलांना जवळ ठेवू नये. ज्याच्या हातची चंदी घोडा इतकी वर्षे खात आला, तो माणूस जवळ असला तर जनावर शांत राहते. त्या दिवशी त्याला आवडीचा गूळ देण्यास कोणतीही हरकत नाही.

ठाणावर दुसरा घोडा असेल तर त्याला शरीराजवळ आणून हुंगू द्यावे. जोडीदार अचानक नाहीसा झालेला घोडा काही दिवस खिंकाळत राहतो, दाणा सोडतो. पाहिलेला घोडा लवकर स्थिरावतो, असा अनेक पशुवैद्यकांचा अनुभव आहे. त्याला पुढील पंधरा दिवस एकटे ठेवू नये, शेळी किंवा वासरू तरी सोबतीला बांधावे. खोगीर, लगाम आणि झूल धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात आणि मगच दुसऱ्या जनावराला वापराव्यात. मृत्यू एखाद्या रोगाने झाला असेल तर त्या वापरण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारावे. नगरपालिकेच्या परवान्यावरून घोड्याची नोंद कमी करून घ्यावी, आणि दसऱ्याची वही जपून ठेवावी. पुढच्या घोड्याच्या वेळी ती लागते.